पाईपाचा मधला जोड

साल दोन हजार पंचवीस. मला अठ्ठ्याहत्तर सरून एकोणऐंशीवं लागलंय, आन् जन्मात पहिल्यांदा तुला कागद लिहायला बसलोय. तू असतीस तर म्हणली असतीस, "लिहिणार तुमी, वाचून दाखवणार बी तुमीच. मंग तोंडानंच सांगा की!"

सुभाषची माय, तोंडानं सांगायचं राहून गेलं म्हणून तर लिहायलोय.

तू गेल्याला आज पंधरा दिस झाले. परवा तेरवी झाली. पावणे गेले, भांडी ज्याची त्याला पोचती झाली. जयू, तुला मोठीमाय म्हणणारी आपली नात, अजून हाय, तिची रजा संपायला दोन दिस राहिलेत. ही वही तिचीच, पाथरीच्या शाळेतली, मागची पानं कोरी होती. पुढच्या पानांवर तिची गणितं हायेत. तुझं जुनं हिरवं लुगडं गोठ्यात दोरीवर हाय. सुनबाई ते नेसून धार काढायला बसती, म्हशीला तूच आलीस असं वाटावं म्हणून. म्हस वास घेती, मान फिरवती, पण पान्हा सोडत न्हाई. तिला लुगडं नको, तुझं बोलणं पायजे. धार काढताना तू तिच्यापाशी समद्या घराची चहाडी सांगायचीस. माझी तर रोजच.

त्या म्हशीपायीच तेरवीच्या दिशी माझं समदं उघडं पडलं. पण ते एकदम सांगता येत न्हाई. मागून यावं लागतं.

तुला तो हरभरा आठवतो का? जयू नऊ वर्सांची होती. हरभरा घाट्यावर आलता, वरच्या रानात पाणी पोचंना. विहिरीपासून वरपतोर बासष्ट पाईप, आन् कुठंतरी मधी अडकलेलं. लाईट दुपारपतोरच. मी विहिरीपासून सुरू केलं. एक जोड उघडायचा, सुभाषला हाक मारायची, त्यानं मोटर चालू करायची, पाणी आलं की बंद, जोड बसवायचा, पुढचा उघडायचा. तू जयूला घिऊन भाकर आणलीस तवा मी चिखलानं माखलेलो.

"किती झाले?" तू विचारलंस.

"चौदा."

"आन् राहिले?"

"मोजायला येतंय मला."

"तसं न्हाई अवो. मधला जोड उघडा ना. तिथं पाणी आलं तर अलीकडचं समदं साफ, अडकलंय ते पुढं. न्हाई आलं तर मागंच हाय. निम्मं काम तिथंच संपलं. मंग राहिलेल्याचा बी मधला उघडा."

मी काय म्हणलो ते मला शब्दाला शब्द आठवतंय. म्हणलो, "भाकर ठिव आन् घरी जा. आता बायकांनी पाईप शिकवायचे का?"

तू गेलीस. जयू म्हणली मी आबाला पाणी द्यायला थांबते, आन् बांधावर बसली. तू वळणावरच्या बाभळीपलीकडं दिसंनाशी झालीस तवा मी उठलो आन् सरळ मधल्या जोडावर गेलो. सहाव्या उघडणीत सापडलं. मेलेला बेडूक आन् उंदरानं कोंबलेला काडीकचरा. लाईट जायच्या आत वरच्या रानात पाणी खळखळायलं.

सांजच्याला तू विचारलंस, "सापडलं का?"

"सापडलं."

"कुठं होतं?"

"पुढं."

तू इतकंच म्हणलीस, "बरं झालं, हरभरा वाचला." जयू चटणी-भाकर खात माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं माझी चोरी फोडली न्हाई. तुझ्यावर गेलीय.

मधल्या जोडाचं तुला कुठून सुचलं, हे मी तुला कवाच विचारलं न्हाई. विचारलं असतं तर ते तुला सुचलंय असं कबूल करावं लागलं असतं.

पुढं जयू पाच वर्सं एसटीनं पाथरीला गेली. तिला सकाळी उठवायचं तू, वेणी घालायची तू, फाट्यावर एसटी येईपतोर थांबायचं तू. मी वट्यावर बसून म्हणायचो, "कलेक्टर निघाली का?" दहावीला ती शाळेत पहिली आली, आन् परभणीला सायन्सला जायचं म्हणली. वसतिगृहात राहून. मी म्हणलो, बास झालं. सोनपेठच्या एका चांगल्या घरातलं स्थळ बी माझ्या डोक्यात होतं.

ते भांडण आपलं मिटलंच न्हाई, न्हाई का? तू चुलीपाशी होतीस, मी दारात.

"तुमी चौथीतून कामून उठलात?" तू म्हणलीस.

"तुला मालूम हाय. बा नं उठवलं. ढोरं राखायला."

"साठ साल झाले, त्यांच्या नावानं बोटं मोडायलात. शिकलो असतो तर अमुक झालो असतो, तमुक झालो असतो."

"मंग?"

"मंग काय? आता तुमी बी बा झालात की."

तीन दिस मी तुझ्या हातची भाकर खाल्ली न्हाई. रानात जांभळं आन् पाडाचे आंबे खाऊन राहिलो. तू बी जिद्दीची, रोज ताट वाढून ठिवायचीस आन् झाकायचीस. वसतिगृहात नाव घालायच्या दिशी मी मुद्दाम सोनपेठच्या बाजाराला निघून गेलो. मला वाटलं मोठ्या माणसाशिवाय पोरगी कुठं जाती. सांजच्याला आलो तर पोरगी गेलती.

"पालक म्हणून दस्तखत कुणी दिलं?" मी अंगणातनंच वरडलो.

सुभाष खाली बघून म्हणला, "मी दिलं, आबा."

दोन साल मी माझ्या पोराशी सरळ बोललो न्हाई. तो समोर उभा असायचा आन् मी तुला म्हणायचो, "सुभाषला सांग, मोटर बंद कर." तू त्याच्याकडं वळून म्हणायचीस, "सुभाष, मोटर बंद कर म्हणायलेत." मंग माझ्याकडं वळायचीस, "करतो म्हणतोय." एकदा कटाळून म्हणलीस, "मला पगार तरी द्या तुमच्या दोघांचा." मी हसलो न्हाई. हसाय पायजे होतं.

जयू पुढं कॉम्प्युटरचं शिकायला संभाजीनगरला गेली. तिथून एकदा फोन आला. तू फोन कानाला लावायच्या आधी मीच घेतला. ती हसायली होती. "आबा, आज वर्गात मोठीमायचा पाईप शिकवला!"

"कुठला पाईप?"

"मधला उघडायचा, मंग राहिलेल्याचा मधला. मशीन असंच शोधतं. त्याला नाव बी हाय." तिनं नाव सांगितलं, ते माझ्या ध्यानात राहिलं न्हाई. "मोठीमायला सांगा बरं का."

तू विचारलंस, काय म्हणायली? मी म्हणलो, "जेवण बरं हाय म्हणती."

सुभाषची माय, हे मी इथं पहिल्यांदा लिहायलोय. तो निरोप मी तुला दिला न्हाई. आज देतोय.

मंग तिला हैदराबादला पीएचडीला जागा मिळाली. गावच्या शाळेत सत्कार केला, शाल-नारळ. मला म्हणले, आबा, दोन शब्द बोला. मी टोपी सारखी केली आन् उभा राहिलो. दोन शब्दांचे दोनशे झाले. शेवटी म्हणलो, "ह्या लेकराला अडकलेला पाईप कसा शोधायचा हे मी लहानपणीच शिकवलं. तेच आज तिच्या कामाला आलं." टाळ्या पडल्या. जयूनं मान खाली घातली. आन् तू बायांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून बसलीस. मला वाटलं रडायली. जवळून बघितलं तर हसायली होतीस.

घरी येताना म्हणलीस, "पाईप लय लांब गेला म्हणायचं. हैदराबादपतोर."

"काय चुकलं माझं?"

"कुठं काय? चांगलं बोललात. टोपी बी सरळ होती."

झालं. पुन्हा कवाच काढलं न्हाईस. तू भांडली असतीस तर मी कबूल केलं असतं का? न्हाई. पण आता जेवढं लागायलंय तेवढं लागलं नसतं.

जयूच्या पीएचडीचा विषय बी तूच दिलास, हे मला मागाहून कळलं. ती सुट्टीत आलती, तू गॅसचा नंबर लावायला तिचा फोन घेतलास. आतून मशीनची बाई बोलायली, "आपला ग्राहक क्रमांक सांगा."

"सांगते की. आधी तू सांग, जेवलीस का?"

"क्षमस्व. आम्हाला समजले नाही. कृपया पुन्हा सांगा."

"जेवलीस का म्हणायलेय!"

"क्षमस्व. आम्हाला समजले नाही."

तू फोन जयूच्या हातात दिलास. "बिचारीला ऐकू कमी येतंय गं." जयू पोट धरून हसली. मंग तिनं फोनकडं बघितलं. म्हणली, "मोठीमाय, तिला ऐकू येतंय. तिला आपलं बोलणं कुणी शिकवलंच न्हाई." तू चूल फुंकत म्हणलीस, "मंग तू शिकीव की. एवढी शिकलीस ते कशाला?"

तेच तिनं घेतलं. आपल्याकडच्या माणसांचं बोलणं गोळा करायचं, मशीनला ऐकवायचं, ऐकवून ऐकवून शिकवायचं. ह्या उन्हाळ्यात ती आवाज भरून घ्यायचं एक लहान यंत्र घिऊन आली. येलदरीला धरणावर मासे धरणाऱ्यांपाशी बसली, सोनपेठच्या बाजारात भाजीवाल्यांपाशी बसली. शेवटाला घरी आली. आन् मान म्हणून पहिल्यांदा मला बसवलं.

मी इस्त्रीचा सदरा घातला. खुर्ची अंगणात घेतली. तिनं आधी कागद दिला, की माझं बोलणं घ्यायला माझी कबुली हाय. मी त्याच्यावर शेपटीसकट दस्तखत केलं. मंग सुरू केलं, "आमच्या गावामध्ये शेती हा प्रमुख व्यवसाय आहे. येथील भूमी सुपीक असून..." अर्धा तास बोललो. आतून तुझा आवाज आला, "बातम्या संपल्या का? हवामान राहिलं बघा!"

जयू हसू दाबत म्हणली, "लय छान झालं आबा. पण उद्या जरा रोज बोलतात तसं बोला की. म्हशीशी बोलतात तसं."

"विद्यापीठात म्हशीशी बोलतात तसं बोलायचं? माझी इज्जत हाय का न्हाई?"

मंग ती तुझ्याकडं गेली. चार दिस तुमी दोघी गोठ्यात बसलात, मी रानात गेल्यावर. मी येईपतोर हसण्याचा आवाज फाटकापतोर यायचा. तू तिला काय काय सांगितलंस, माहेरची गोष्ट, पहिल्या म्हशीची गोष्ट, ते मला मालूम न्हाई. चौथ्या दिशी मी जयूला विचारलं, "माझं किती घेतलंस?"

ती घुटमळली. "खरं सांगू आबा? त्याच्यात तुमी न्हाईच. ते दुसरंच कुणीतरी बोलायलंय. मोठीमायचं मात्र सोनं हाय."

पाचव्या दिशी लाईट लवकर गेली म्हणून मी दुपारीच घरी आलो. गोठ्यात बाजेवर शाईची डबी, तुझा अंगठा निळा, आन् राहून गेलेला तुझा कबुलीचा कागद अंगठा लावून जयूच्या मांडीवर. तू काहीतरी सांगायलीस. मी काय सांगायलीस ते ऐकलं न्हाई. मी वरडलो.

अंगठ्याचं माझं तुला मालूम होतं. माझ्या बा नं निजामाच्या वक्ताला न वाचता येणाऱ्या उर्दू कागदावर अंगठा दिला आन् नदीकाठचं रान चुलत्याच्या नावावर गेलं. ते मला कळलं तवा मी ठरवलं होतं, माझ्या घरातून अंगठा जायचा न्हाई. चौथीतून उठल्यावर ढोरांमागं पाटी घिऊन दस्तखत घोटलं. ते समदं खरं हाय. त्या दिशी बी मी तेच वरडलो. हैदराबादचे लोक म्हणतील, पीएचडी करणाऱ्या पोरीची आजी अंगठाछाप. तो कागद मी जयूच्या मांडीवरून उचलला आन् फाडला.

पण आज खरं लिहितो. अंगठ्याचं निमित्त होतं. मला राग आलता, की अर्धा तास नीट बोललेला मी कुठंच न्हाई आन् म्हशीपाशी बसलेली तू सोनं.

"समदं मिटव," मी म्हणलो.

जयू उठून उभी राहिली. पहिल्यांदा माझ्यापुढं उभी राहिली. "आबा, तुमी कागद फाडला म्हणून होत न्हाई. कबुली मोठीमायची हाय. ती म्हणली तरच मिटवीन. मोठीमाय, सांग."

तू माझ्याकडं बघितलंस. मी हातातले तुकडे चुरगाळत होतो. तू निळा अंगठा पदराला पुसलास. डाग पदराला लागला, अंगठा निळाच राहिला. म्हणलीस, "मिटव जयू. त्यांच्या मनाला लागलंय."

तिनं आपल्या दोघांसमोर एक एक करून चार दिस मिटवले. मी उभा राहून बघितलं. मंग तू उठून भाकरी टाकायला गेलीस, आन् मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. ते ताट मला आता डोळ्यापुढून हालत न्हाई. ताटावर तुझा निळा अंगठा.

त्याच्यानंतर तुझं दुखणं निघालं. परभणीच्या दवाखान्यात तू एकदा विचारलंस, "जयूचं काम कुठपतोर आलं?" मी म्हणलो, "चाललंय." मला काय मालूम? मी विचारलंच न्हवतं. तुला बी ते कळलं असंल, कारण तू डोळे मिटलेस आन् पुन्हा विचारलं न्हाईस.

आता तेरवीचं. पंगती उठल्या होत्या, ऊन उतरलं होतं. सुनबाई तुझं लुगडं नेसून गोठ्यातून रिकामी चरवी घिऊन आली. जयूला म्हणली, "जयू, तू मोठीमायचं बोलणं भरून घेतलं होतंस ना? लाव बरं तेवढं. तुझा आवाज नको, तुझ्या बाबांचा नको, म्हस कुणाचंच ऐकत न्हाई. तिचं ऐकलं तर पान्हवंल."

सुनबाईला काय मालूम न्हवतं. त्या दिशी ती माहेरी होती. जयू माझ्याकडं न बघता म्हणली, "न्हाई आई. ते मिटवलं."

"समदं?"

"समदं."

सुनबाई चरवी ठिवून आत गेली. मी वट्यावर होतो. जयूनं ती चरवी पालथी घातली. मंग मी विचारलं, "तुझं काम अडलं का माझ्यामुळं?"

"अडलं आबा." तिनं खोटं बोलून मला सोडवलं न्हाई. "म्हाताऱ्या बायांचं बोलणं मशीनला अजून नीट कळत न्हाई. बाया भेटतच न्हाईत. बोलायला बसल्या की घरचे उठवून नेतात."

"आपल्या गावात बी?"

"आपल्या गावात तर आपल्याच घरातून सुरुवात झाली."

ती जवळ येऊन बसली. म्हणली, "एक हाय आबा. शेवटचं. त्या दिशी यंत्राची बॅटरी उतरलेली, माझ्या फोनवर घेतलेलं. अभ्यासात घेतलं न्हाई. मोठीमायला विचारलं, हे बी मिटवू का? म्हणली, घरचं म्हणून तुझ्यापाशी राहू दे, त्यांना सांगू नको."

"मंग म्हशीला कामून लावलं न्हाईस?"

"त्यात तुमचा बी आवाज हाय. म्हस बिथरंल."

मी म्हणलो, लाव. ती नको म्हणली. मी म्हणलो, लाव.

आधी रवंथाचा आवाज. साखळीचा. मंग तू. अगदी जवळ, जशी कानापाशी बसून.

"...तर पाईप अडकला होता बघ. बासष्ट पाईप. आन् आमचे हे असे हुशार, त्यांनी काय केलं, मधला जोडच उघडला."

जयूचं हसणं. "मोठीमाय, खोटं! मी बांधावर होते."

"गप गं. तसंच राहू दे. हैदराबादचे लोक ऐकतील, त्यांना बरं वाटंल. चौथीतून उठवलेला माणूस हाय, त्याला कुणी कवा शाबास म्हणलं न्हाई. तर हे म्हणले, तिथं पाणी आलं तर अलीकडचं..."

मंग माझा आवाज. तो मी लिहीत न्हाई. तू ऐकलायस.

माझ्या वरडण्याच्या खालून तू एकदा म्हणलीस, "बोलू द्या की हो. तुमचंच सांगायलेय." मी थांबलो न्हाई. मंग नुसता मीच.

तुझा आवाज म्हणून माझ्यापाशी इतकाच उरलाय. अर्धा मिनिट तू, माझी थोरवी सांगणारी, आन् त्याच्यावर मी.

जयूनं फोन बंद केला. मी तिला म्हणलो, "तिला अंगठा द्यायला कामून लावलंस? मला मालूम असतं तर मीच तिला दस्तखत शिकवलं असतं." अजून बी माझ्या तोंडातून हेच निघालं बघ. माणूस कसला.

जयूनं फोन खाली ठिवला. मंग म्हणली, "आबा, तो तिचा पहिला अंगठा न्हवता."

"म्हणजे?"

"परभणीच्या वसतिगृहाच्या कागदावर पालक म्हणून दस्तखत बाबांचं न्हाई. बाबा फाटकापतोर आले, तुमच्या भ्यानं आत पाय टाकंनात. मोठीमाय मला घिऊन आत गेली. जन्मात पहिल्यांदा परभणीत आलती, कार्यालय कुठं ते माणसांना विचारत गेली. अंगठा तिनं दिला. येताना बाबांना म्हणली, विचारलं तर तू दिलं म्हण. अंगठ्याचं कळलं तर म्हातारा जेवायचा न्हाई."

सुभाष दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्यानं ऐकलं. मी त्याच्याकडं बघितलं. दोन साल, सुभाषची माय. दोन साल तू आमच्या मधी उभी राहून "मोटर बंद कर म्हणायलेत" सांगत होतीस, आन् ज्याच्यावर मी रुसलो होतो ते काम तुझं होतं.

"सुभाष," मी म्हणलो. "म्हशीला पेंड टाकली का?"

"टाकतो आबा," तो म्हणला, आन् त्याचे डोळे भरून आले. आमचं असंच हाय. तू असतीस तर मधी उभी राहून नीट करून सांगितलं असतंस.

पोरगी परभणीला गेली, संभाजीनगरला गेली, हैदराबादला गेली, ती त्या एका अंगठ्यावर. आन् तसलाच दुसरा मी फाडून गोठ्यात टाकला. माझं दस्तखत, ज्याच्यासाठी मी जन्मभर छाती काढून चाललो, त्यानं कुणाचं काय केलं? बाजार समितीच्या पावत्या.

काल सकाळी मी लवकर उठलो. तोंड धुतलं. टोपी घातली न्हाई. जयूला म्हणलो, यंत्र घे, कागद घे, शाईची डबी घे, गोठ्यात चल. तुझी ती पालथी पाटी, जिच्यावर बसून तू धार काढायचीस, तिच्यावर बसलो. गुडघे वाजले. म्हशीनं माझ्याकडं बघून फुसकारलं. ती मला ओळखती, पण वेगळ्या कारणानं.

जयूनं कागद वाचून दाखवला. मी म्हणलो, माझ्या वरडण्याचं ते बी घे, कापू नको, तुझ्या मास्तरांना ऐकू दे. ती म्हणली, त्यात मोठीमाय हाय, तिनं घरचं म्हणून ठिवलंय, ते मी घेणार न्हाई. मला तिचा राग आला न्हाई. बरं वाटलं, की एक जण तरी तुझा शब्द पाळायला शिकलंय.

मंग तिनं पेन पुढं केला. मी घेतला न्हाई. डबीत अंगठा बुडवला.

"आबा, तुमाला दस्तखत येतं की."

"येतंय."

आन् कागदावर दाबला.

तिनं यंत्र चालू केलं. लाल दिवा लागला. मी घसा साफ केला, आन् जिभेवर पुन्हा तेच "आमच्या गावामध्ये" आलं. ते गिळलं. म्हशीकडं बघितलं आन् तिलाच सांगतोय असं म्हणलो,

"हे बघ बाई, पाईप अडकला होता. बासष्ट पाईप. मी येड्यासारखा एका कडेनं उघडायलो होतो. ती भाकर घिऊन आली, आन् म्हणली, मधला जोड उघडा."